एका सेंटचं तिकीट साठ कोटींचं कसं झालं?

८ जून २०२१ रोजी न्यूयॉर्कमध्ये सदबीज या लिलावसंस्थेने कागदाचा एक लहानसा तुकडा विकायला काढला. कागद किरमिजी, छपाई काळी. चारही कोपरे कापलेले असल्याने आकार अष्टकोनी. छपाई इतकी पुसट झालेली, की मधलं जहाजाचं चित्र डोळे बारीक करून शोधावं लागतं. या टपाल तिकिटाची मूळ किंमत होती एक सेंट. त्या दिवशी ते सुमारे ८३ लाख डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ६० कोटी रुपयांना गेलं.

आता याच बातमीची दुसरी बाजू. हेच तिकीट २०१४ साली याच संस्थेच्या लिलावात ९४.८ लाख डॉलरना विकलं गेलं होतं. म्हणजे जगातलं सर्वांत महागडं तिकीट सात वर्षांत स्वस्त झालं!

तिकिटांच्या किमती कशा ठरतात, हे समजून घ्यायला या दोन आकड्यांइतकं चांगलं उदाहरण मिळणार नाही. कपाटात जुना अल्बम पडून असेल किंवा ‘जुनी तिकिटं द्या, लाखो मिळवा’ असा मेसेज आला असेल, तर हे गणित माहीत असलेलं बरं.

घाईघाईत छापलेलं तिकीट

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर आज गयाना नावाचा देश आहे. १८५६ साली ही ‘ब्रिटिश गयाना’ नावाची इंग्रजांची वसाहत होती. तिथली तिकिटं छापून येत इंग्लंडहून, जहाजाने. त्या वर्षी नवा साठा वेळेवर पोहोचला नाही. टपाल थांबवणं शक्य नव्हतं. मग तिथल्या पोस्टमास्तरने जॉर्जटाऊनमधल्या एका स्थानिक छापखान्यालाच तात्पुरती तिकिटं छापायला सांगितलं. सरकारी गॅझेट छापणारा हा छापखाना. त्यांनी तिकिटाच्या मधोमध जहाजाचं चित्र घातलं आणि भोवती वसाहतीचं लॅटिन बोधवाक्य.

छपाई अगदीच साधी होती. अशी तिकिटं कुणीही नकली छापेल, अशी धास्ती पोस्टमास्तरला वाटली. म्हणून विकण्याआधी प्रत्येक तिकिटावर टपाल कारकुनाने आपली आद्याक्षरं लिहावीत, असा हुकूम निघाला. आज उरलेल्या तिकिटावर ‘ई. डी. डब्ल्यू.’ ही अक्षरं आहेत. ती ई. डी. वाइट नावाच्या कारकुनाची.

त्या वेळी चार सेंटची आणि एक सेंटची अशी दोन प्रकारची तिकिटं छापली गेली. चार सेंटचा दर पत्रांसाठी होता, एक सेंटचा वर्तमानपत्रांसाठी. इथेच पुढच्या सगळ्या कथेचं मूळ आहे. पत्रं लोक जपून ठेवतात. वर्तमानपत्राचं वेष्टन मात्र फाडून फेकून देतात. म्हणून चार सेंटची तिकिटं काही प्रमाणात टिकली आणि एक सेंटचं एकच उरलं.

ते १८७३ साली बारा वर्षांच्या व्हर्नन व्हॉन या शाळकरी मुलाला काकांच्या कागदपत्रांत सापडलं. त्याच्या कॅटलॉगमध्ये असं तिकीटच नव्हतं. त्याने ते सहा शिलिंगांना विकून टाकलं.

पुढची साखळी अशी. १८७८ च्या सुमारास ते इंग्लंडला गेलं आणि काउंट फिलिप फेरारी या युरोपातल्या सर्वांत बड्या संग्राहकाकडे पोहोचलं. फेरारी १९१७ साली वारला. त्याने आपला संग्रह बर्लिनच्या टपाल संग्रहालयाच्या नावे केला होता, पण पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सने तो युद्धभरपाई म्हणून जप्त करून लिलावात काढला. १९२२ साली आर्थर हाइंड या अमेरिकी गिरणीमालकाने हे तिकीट ३६ हजार डॉलरहून अधिक रक्कम मोजून घेतलं. १९८० साली ते जॉन ड्यू पाँट या धनाढ्य वारसदाराने ९ लाख ३५ हजार डॉलरना घेतलं. ऑलिंपिक कुस्तीपटू डेव्ह शुल्ट्झच्या खुनाबद्दल याच ड्यू पाँटला पुढे शिक्षा झाली आणि २०१० साली तो तुरुंगातच वारला. तो आत असताना तिकीटही कुलूपबंदच होतं. २०१४ साली ते पादत्राणांचे डिझायनर स्टुअर्ट वाइट्झमन यांनी घेतलं आणि २०२१ साली लंडनच्या स्टॅनली गिबन्स या जुन्या तिकीट कंपनीने.

तिकिटाची मागची बाजू पाहिली तर अनेक मालकांनी आपापल्या खुणा उमटवलेल्या दिसतात. फेरारीचं त्रिदल, ड्यू पाँटची आद्याक्षरं आणि वाइट्झमन यांनी काढलेली उंच टाचेची चप्पल! एरवी मागच्या बाजूची अशी लिखापढी तिकिटाची किंमत कमी करते. इथे उलट झालं, कारण या खुणा म्हणजे तिकिटाचा सातबारा उताराच आहे. ते कुणाकडून कुणाकडे गेलं, हे त्यावरच नोंदलेलं आहे.

जुनं तिकीट महाग असतंच असं नाही

जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट म्हणजे १८४० चं ‘पेनी ब्लॅक’. ते ब्रिटिश गयानाच्या तिकिटापेक्षा सोळा वर्षांनी जुनं आहे आणि दिसायलाही कितीतरी सुबक. तरीही वापरलेलं, साधारण अवस्थेतलं पेनी ब्लॅक काही हजार रुपयांत मिळू शकतं.

कारण सरळ आहे. पेनी ब्लॅक ६ कोटी ८० लाखांहून अधिक छापली गेली. शिवाय त्या काळी बहुतेक लोक वेगळं पाकीट वापरत नसत. पत्राचाच कागद दुमडून, त्यावर पत्ता लिहून तिकीट लावत. वकिलांनी, व्यापाऱ्यांनी, पेढ्यांनी ती पत्रं हिशेबासाठी जपली आणि त्यांच्यासोबत तिकिटंही टिकली.

त्यामुळे किंमत ठरवताना ‘किती जुनं’ यापेक्षा ‘किती उरली’ हा प्रश्न आधी येतो. त्याला लागूनच दुसरा प्रश्न: ‘ते किती जणांना हवं आहे?’ जगात दहाच प्रती उरलेलं तिकीट गोळा करणारे पाचच लोक असतील, तर ते दुर्मिळ असूनही स्वस्त राहतं. उलट, एखादं तिकीट लाखभर लोकांना हवं असेल, तर शंभर प्रती असूनही ते प्रचंड महाग होतं.

चुकीला किंमत कधी येते?

दुसऱ्या प्रकाराचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचं आहे. १९१८ साली तिथे विमान टपालासाठी २४ सेंटचं तिकीट निघालं. चौकट लाल, मधलं विमान निळं. दोन रंग असल्यामुळे प्रत्येक ताव छपाई यंत्रातून दोनदा जायचा. दुसऱ्या फेरीत ताव उलटा गेला, की विमानही उलटं छापलं जाणार. तसे काही ताव छापले गेले. एक मात्र तपासणीतून निसटून वॉशिंग्टनच्या टपाल खिडकीवर पोहोचला. विल्यम रोबी या संग्राहकाने १०० तिकिटांचा तो ताव दर्शनी किमतीला, २४ डॉलरना घेतला आणि काही दिवसांतच १५ हजार डॉलरना विकला. हीच ती ‘इन्व्हर्टेड जेनी’. २०२३ साली यातलं एकच तिकीट २० लाख डॉलरवर गेलं. ते दशकानुदशकं बँकेच्या लॉकरमध्ये, उजेडापासून दूर होतं. त्यामुळे रंग ताजे आणि मागचा डिंक जसाच्या तसा होता.

भारतातही अशीच चूक झाली होती, तीही जेनीच्या ६४ वर्षं आधी. १८५४ साली कलकत्त्यात चार आण्यांचं दोन रंगी तिकीट छापलं गेलं. लाल चौकट आणि आत राणी व्हिक्टोरियाचं निळं मस्तक. काही तिकिटांवर हे मस्तक उलटं छापलं गेलं. त्यातली मोजकीच उरली असून भारतीय तिकिटांत त्यांना फार मोठा मान आहे.

अशी चूक मौल्यवान ठरते, कारण ती मुद्दाम केलेली नसते आणि पुन्हा होत नाही. यातली एक अट जरी गेली, तर काय होतं पाहा. १९६२ साली अमेरिकेने संयुक्त राष्ट्रांचे दिवंगत सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांच्या स्मरणार्थ तिकीट काढलं. काही तावांवर पिवळा रंग उलटा छापला गेला. एका संग्राहकाला असा ताव मिळाला आणि त्याची बातमी झाली. यावर टपाल खात्याने काय करावं? तसंच चुकीचं तिकीट मुद्दाम आणखी चार कोटी छापून विक्रीला ठेवलं! हातात घबाड आलंय असं वाटत असतानाच त्या मूळ तावाची किंमत दर्शनी किमतीवर आली. कागद तोच, चूकही तीच, पण दुर्मिळपणा गेला.

मुंबईला आलेलं एक पाकीट

तिकीट सुटं असण्यापेक्षा मूळ पाकिटावर असेल, तर अनेकदा कितीतरी जास्त मोलाचं ठरतं. पाकिटावर पत्ता असतो, शिक्के असतात, तारखा असतात. ते कुठून निघालं, कुठल्या मार्गाने आलं, किती दर लागला, हे सगळं त्यातून वाचता येतं.

याचं एक उदाहरण थेट मुंबईशी जोडलेलं आहे. १८४७ साली मॉरिशस बेटावर एक पेनीचं नारिंगी आणि दोन पेन्सचं निळं, अशी दोन तिकिटं निघाली. दोन्ही प्रकारांची प्रत्येकी फक्त ५०० तिकिटं छापली गेली. त्यावर ‘पोस्ट ऑफिस’ असे शब्द आहेत. नंतरच्या तिकिटांवर ‘पोस्ट पेड’ आलं. त्यामुळे नक्षी कोरणारा कारागीर शब्द विसरला, अशी कथा पसरली. संशोधकांनी ती खोडून काढली आहे, पण कथेमुळे तिकिटांचं नाव झालं ते झालंच. आज जगभरात ही तिकिटं तीसही उरलेली नाहीत.

त्यातली एक पेनीची दोन तिकिटं एकाच पाकिटावर आहेत. जानेवारी १८५० मध्ये मॉरिशसहून निघालेलं हे पाकीट मुंबईतल्या बायबल सोसायटीच्या सचिवांच्या नावे होतं. संस्थेचा पत्रव्यवहार असल्याने ते टिकलं असावं. १८९७ साली ते भारतातच एका बाजारात संग्राहकाच्या नजरेस पडलं. १९६८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात या ‘बॉम्बे कव्हर’ची किंमत ३ लाख ८० हजार डॉलर आली. त्या काळात हा मोठा विक्रम होता. संग्राहकांच्या जगात आजही ते मुंबईच्या नावानेच ओळखलं जातं.

याच मालिकेतलं दुसरं पाकीट, मॉरिशसच्या गव्हर्नरच्या पत्नीने दिलेल्या नृत्यसमारंभाच्या आमंत्रणाचं. ते २०२१ साली जर्मनीत ८१ लाख युरोंच्या बोलीला गेलं. आतल्या समारंभाला कोण आलं, कोण नाही, हे आज कुणी विचारत नाही. बाहेरचं पाकीट मात्र अमर झालं.

सिंध डाक आणि गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट

आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट १ जुलै १८५२ रोजी सिंधमध्ये निघालं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि तिथले आयुक्त होते बार्टल फ्रिअर, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. अर्ध्या आण्याची ही ‘सिंध डाक’ तिकिटं सुरुवातीला लाल लाखेच्या चकतीवर उठवली होती. लाख ठिसूळ असल्याने ती पटकन तुटायची. मग पांढऱ्या कागदावर आणि नंतर निळ्या रंगात तिकिटं आली. तुटण्याच्या त्या दोषामुळेच लाल सिंध डाक आज सर्वांत दुर्मिळ आहे, विशेषतः अखंड अवस्थेत.

स्वतंत्र भारतातलं सर्वांत चर्चेतलं तिकीट गांधीजींचं. १५ ऑगस्ट १९४८ रोजी चार किमतींची मालिका निघाली. तिची छपाई स्वित्झर्लंडमध्ये झाली होती. त्यातलं दहा रुपयांचं तिकीट संग्राहकांना हवंहवंसं असतं, पण पैसे मोजले तर ते बाजारात मिळतं. याच तिकिटांपैकी फक्त १०० तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या कार्यालयाच्या वापरासाठी ‘सर्व्हिस’ हा शब्द वरून छापला गेला. त्यातल्या चार तिकिटांची जोडपट्टी २०१७ साली स्टॅनली गिबन्सने ५ लाख पौंडांना, म्हणजे तेव्हाच्या चार कोटींहून अधिक रुपयांना विकली. अशी १३ तिकिटंच चलनात आहेत, असं त्या वेळी कंपनीने सांगितलं होतं.

दोन तिकिटांमधला फरक एका छापील शब्दाचा. आणि खरी अडचण इथेच सुरू होते, कारण खऱ्या तिकिटावर खोटा शब्द छापणं अवघड नाही.

खरं-खोटं कोण ठरवतं?

महागड्या तिकिटासोबत तज्ज्ञमंडळाचं प्रमाणपत्र लागतं. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीसारख्या संस्था कागद, शाई, डिंक, दाते, शिक्के यांची तपासणी करून मत देतात. अतिनील प्रकाशात पाहिलं, की रंग बदलून केलेली दुरुस्ती, नव्याने लावलेला डिंक, खोडलेला शिक्का अशा गोष्टी उघड होतात.

१९९९ साली ब्रिटिश गयानाचं एक सेंटचं दुसरं तिकीट सापडल्याचा दावा झाला. तो खरा ठरला असता, तर पहिल्याचं ‘जगात एकमेव’ हे बिरुद गेलं असतं. लंडनच्या सोसायटीने तपासणी केली. ते त्याच काळातलं, त्याच छापखान्याचं, पण चार सेंटचं तिकीट होतं. अक्षरांत फेरफार करून ते एक सेंटचं केलं होतं.

प्रमाणपत्राइतकाच महत्त्वाचा असतो मालकीचा इतिहास. १९५५ साली अमेरिकेत एका प्रदर्शनातून इन्व्हर्टेड जेनीची चार जोडतिकिटं चोरीला गेली. चोरांनी ती सुटी केली. त्यातली काही पुढच्या अनेक दशकांत एकेक करून सापडली. तावावरची प्रत्येक तिकिटाची नेमकी जागा अभ्यासकांनी नोंदवलेली असल्यामुळे ती ओळखता आली. सुट्या तिकिटाचं मूळ कुठे आहे, हे माहीत नसेल तर प्रामाणिक खरेदीदारही अडकू शकतो.

तिसरी गोष्ट म्हणजे अवस्था. चारी बाजूंचा समास, न तुटलेले दाते, न उडालेला रंग, मागचा मूळ डिंक या प्रत्येक गोष्टीने किंमत बदलते. पूर्वी अल्बममध्ये तिकीट लावायला मागे छोटा कागदी तुकडा चिकटवत. त्याची खूण असलेलं आणि नसलेलं, अशा दोन तिकिटांच्या किमतीत मोठं अंतर पडतं. मग कोपरे कापलेलं, घासलेलं गयानाचं तिकीट एवढं महाग कसं? कारण त्याच्याहून चांगली दुसरी प्रत अस्तित्वातच नाही. अवस्थेचा नियम निवडीला वाव असतो तिथेच चालतो.

लिलावातला आकडा वाचायचा कसा?

बातम्यांमध्ये येणारा आकडा आणि विकणाऱ्याला मिळणारे पैसे वेगळे असतात. लिलावाआधी संस्था कॅटलॉग छापते आणि अंदाजे किंमत जाहीर करते. बहुतेकदा विकणाऱ्याने गुप्त किमान किंमतही ठरवलेली असते. बोली तिथवर पोहोचली नाही, तर वस्तू विकली जात नाही. शेवटच्या बोलीवर हातोडा पडतो. त्या रकमेवर खरेदीदाराने संस्थेला शुल्क द्यायचं असतं. विकणाराही बहुतेकदा वेगळं कमिशन देतो.

२०१४ साली गयानाच्या तिकिटावर हातोडा पडला ७९ लाख डॉलरला. शुल्क धरून वाइट्झमन यांनी दिले ९४.८ लाख. २०२१ साली अंदाज होता १ ते १.५ कोटी डॉलरचा, पण बोली थांबली ७० लाखांवर. शुल्कासह आकडा झाला ८३ लाख. म्हणजे घेताना दिलेले ९४.८ लाख आणि विकताना लागलेली ७० लाखांची बोली यात जवळपास २५ लाख डॉलरचं अंतर पडलं. शुल्क दोन्ही वेळा संस्थेचं.

गंमत अशी, की रुपयांत हिशेब केला तर २०१४ ची किंमत सुमारे ५७ कोटी आणि २०२१ ची सुमारे ६० कोटी. तिकीट महाग झालं, असंच वाटेल. प्रत्यक्षात त्या सात वर्षांत डॉलर साठ रुपयांवरून त्र्याहत्तरच्या आसपास गेला होता. परदेशी लिलावाचे जुने-नवे आकडे रुपयांत वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

लिलावाचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे, विक्रम व्हायला दोन हट्टी माणसं लागतात. एकाच्या खिशात कितीही पैसे असोत, समोर दुसरा नसेल तर बोली चढत नाही. अशा तिकिटांचे इच्छुक जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. त्यातला एक जरी त्या दिवशी आला नाही, तरी कोट्यवधींचा फरक पडतो. म्हणूनच एका विक्रमावरून ‘तिकिटांचा भाव वाढला’ असा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे.

तिकिटं म्हणजे गुंतवणूक?

हा धोका किती मोठा होऊ शकतो, हे स्पेनने पाहिलं. फोरम फिलातेलिको आणि अफिन्सा या दोन कंपन्या सामान्य लोकांकडून तिकिटांत गुंतवणूक म्हणून पैसे घेत आणि ठरलेला परतावा द्यायचं आश्वासन देत. मे २००६ मध्ये तिथल्या तपासयंत्रणांनी दोन्हींवर छापे घातले. तिकिटांच्या किमती बाजारभावापेक्षा कितीतरी फुगवलेल्या होत्या आणि जुन्या गुंतवणूकदारांना नव्यांच्या पैशांतून परतावा दिला जात होता. चार लाखांहून अधिक लोक यात अडकले. त्यात निवृत्तीची पुंजी लावलेलेही होते. तिकिटं होती. खोटा होता तो त्यांचा भाव.

शेअरचा भाव रोज कळतो, सोन्याचा सराफकट्ट्यावर कळतो. तिकिटाचा खरा भाव मात्र ते विकायला काढल्यावरच कळतो. कॅटलॉगमधला आकडा हा व्यापाऱ्याच्या विक्रीचा अंदाज असतो. तुम्ही विकायला गेलात, तर त्याचा काही हिस्साच हाती येतो. तिकीट व्याज देत नाही, भाडं देत नाही, उलट ते सांभाळायला खर्च येतो.

घरातल्या अल्बमचं काय करायचं?

जुना संग्रह किंवा पत्रांचा गठ्ठा घरात असेल, तर सुरुवात काहीही ‘न करण्याने’ करा.

पाकिटावरून तिकीट सोडवू नका. एक सेंटच्या तिकिटाने आणि मुंबईच्या पाकिटाने हेच दाखवलं आहे, की तिकिटापेक्षा त्याच्याभोवतीचा कागद जास्त बोलतो. शिक्क्यांसकट, पत्त्यासकट पाकीट तसंच ठेवा. आतलं पत्र असेल तर तेही सोबत राहू द्या.

तिकीट धुऊ नका, लॅमिनेट करू नका, पारदर्शक टेप लावू नका. हाताळायला बोथट टोकांचा चिमटा वापरा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तिकिटं एकमेकांना चिकटतात आणि कागदावर तपकिरी डाग पडतात, म्हणून अल्बम उभा ठेवा आणि ओलीच्या भिंतीपासून दूर ठेवा.

किंमत काढून घ्यायची असेल, तर एकाच व्यापाऱ्याच्या शब्दावर थांबू नका. जवळच्या फिलाटेली मंडळातल्या जाणत्या संग्राहकांना दाखवा. मुंबईच्या जीपीओसारख्या मोठ्या टपाल कार्यालयांत फिलाटेलिक ब्युरो आहेत. तिथे तिकिटांचं मूल्यमापन होत नाही, पण नवी तिकिटं मिळतात. संग्राहकांची ओळख अशा ठिकाणीच होते. तिकीट खरंच दुर्मिळ असल्याचं दोघा-तिघांनी सांगितलं, तरच प्रमाणपत्राचा खर्च करा.

आणि पैसे देण्याऐवजी आधी तुमच्याकडूनच ‘नोंदणी शुल्क’, ‘कर’ किंवा ‘कमिशन’ मागणारा कुणी भेटला, तर तिथेच थांबा. जुन्या नोटा आणि नाण्यांबाबत अशी फसवणूक इतकी वाढली होती, की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेलाच खुलासा करावा लागला. आपण अशा व्यवहारांत नाही, त्यासाठी कुठलंही शुल्क घेत नाही आणि आपल्या नावाने ते घ्यायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही, असं बँकेने स्पष्ट केलं. तिकिटांच्या बाबतीतही हीच खूणगाठ बांधा.

बहुतेक घरांतले अल्बम काही शे किंवा काही हजार रुपयांचे निघतात. पण त्यात आजोबांनी जपलेलं एखादं युद्धकाळातलं सेन्सॉरचा शिक्का असलेलं पाकीट निघू शकतं, एखाद्या बंद पडलेल्या संस्थानाचं तिकीट निघू शकतं. ते विकलं जाईल की नाही, हा प्रश्न नंतरचा. आधी ते कुणी, कुणाला, कधी पाठवलं, हे घरातल्या थोरांना विचारून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी पाकिटासोबत ठेवा.